कूलर बंद करून पाहिलेला हायड्रोजन

ईरा आणि निहार,

मे महिन्यात कुणी अकोल्याला जातं का, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी हसून विषय बदलला. उत्तर लांब होतं आणि तुमच्याकडे शाळेची वेळ झाली होती. आता मी पुण्याला परत आले आहे आणि वैशालीमावशीचा प्रबंध बांधून विद्यापीठात जमाही झाला आहे. त्याच्या शेवटच्या प्रकरणात एक आलेख आहे. तो कसा निघाला हे प्रबंधात लिहायची पद्धत नसते. तिथे 'नमुना गोठवून मोजमाप घेतले' एवढं एकच वाक्य येतं. त्या वाक्याच्या मागे तुमची शांताआजी, एक जीप, एक कूलर आणि वऱ्हाडची एक दुपार उभी आहे. मला सगळं क्रमाने आठवतं आहे तोवर लिहून ठेवते. मराठी अडलं तर आईला विचारा. रसायन अडलं तर मला.

वैशाली माझ्या धाकट्या भावाची मुलगी, म्हणजे तुमच्या आईची मामेबहीण. तेल्हाऱ्याच्या शाळेत तिने बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, लग्न होऊन अकोल्याला आली आणि मग, लोक जेव्हा बढतीची वाट बघतात त्या वयात, अमरावतीला संशोधन करायला लागली. तिला काय शोधायचं होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढची धावपळ वेड्यासारखी वाटेल.

हायड्रोजन वायू तयार करायला किंवा फोडायला माणूस प्लॅटिनमसारखा महाग धातू वापरतो. काही जिवाणू तेच काम लोखंड आणि निकेलवर भागवतात. त्यांच्यात एक एन्झाइम असतं. तुमची आई शाळेत त्याला विकर म्हणायची. त्याच्या पोटात निकेल आणि लोखंड शेजारी शेजारी बसलेले असतात आणि काम चालू असताना त्यांच्या मधोमध हायड्रोजन येऊन बसतो. धातूला असा धरून बसलेला हायड्रोजन म्हणजे हायड्राइड. दुसऱ्या जिवाणूंमध्ये तो लोकांनी दाखवलेला आहे. वैशालीला तो आपल्या जिवाणूत दाखवायचा होता. पण हायड्रोजन इतका लहान की धातूंच्या गर्दीत तो हाती लागत नाही. म्हणून त्याला शोधायचं ते त्याच्या थरथरण्यावरून.

अणूंमधले बंध स्प्रिंगसारखे सतत हलत असतात आणि प्रत्येकाचा वेग ठरलेला असतो. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश नमुन्यातून सोडला की प्रत्येक बंध आपल्या वेगाशी जुळणारा तेवढाच प्रकाश गिळतो, आणि आलेखावर तिथे एक टेकाड येतं. टेकाड कुणाचं हे ओळखायची युक्ती सोपी आहे. भाजीवाल्याच्या स्प्रिंगच्या काट्याला एक वांगं अडकवून झटका द्या, ते भरभर नाचेल. तिथेच भोपळा अडकवा, तो सावकाश नाचेल. (मला इथे बंगईचं, म्हणजे वऱ्हाडातल्या झोपाळ्याचं, उदाहरण द्यायचा मोह झाला होता. पण झोपाळ्याचा वेग बसणाऱ्याच्या वजनावर ठरत नाही, तेव्हा ते चूक झालं असतं.) हायड्रोजनला एक जड भाऊ आहे, ड्यूटेरियम. साध्या पाण्याऐवजी ड्यूटेरियमच्या पाण्यात, म्हणजे जड पाण्यात, एन्झाइम ठेवलं की मधल्या जागेवर तो जड भाऊ येतो. मग टेकाड खाली, म्हणजे कमी वेगाच्या बाजूला, सरकलं तर ते हायड्रोजनचं. जागच्या जागी राहिलं तर दुसऱ्याच कुणाचं.

साध्या पाण्यातलं टेकाड वैशालीला मिळालं होतं. जड पाण्यातलं राहिलं होतं. त्यासाठी लागणारं शीतपात्र, ज्यात नमुना गोठलेला ठेवून त्याच्यावर उजेड पाडता येतो, तिने बाहेरच्या एका संस्थेतून उसनं आणलं होतं आणि ते सोमवारी परत जायचं होतं. तिच्या मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं की टेकाड सरकलेलं दाखवा, नाहीतर 'हायड्राइड' हा शब्द प्रकरणातून काढा. तो शब्द काढला तर प्रकरणात काही उरत नव्हतं.

"आत्या, तू ये," ती फोनवर म्हणाली. "मोजमाप मी करीन. पण बरोबर आलंय की नाही, हे माझं मन न राखता सांगणारं कुणीतरी पाहिजे."

मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि मन राखण्याचा आरोप माझ्यावर कुणी केलेला नाही. मी बॅग भरली.

अकोला ते हिवरखेड

अकोला स्टेशनवर वैशालीचा नवरा सुधाकर घ्यायला आला होता. तो गुरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. नमस्कार होण्याआधी त्याने माझ्या हातात एक पांढरा दुपट्टा ठेवला.

"डोकं बांधा पयले, आत्याबाई. इथलं ऊन पाव्हना-बिव्हना वयखत नाई."

पुण्यात मी डोक्याला काही बांधलं असतं तर शेजारणीने तब्येत विचारली असती. इथे स्टेशनाबाहेर रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांची डोकी बांधलेली. डोळ्यांवरून माणूस ओळखायचा. मीही बांधलं, आणि एका मिनिटात वऱ्हाडची झाले.

अमरावतीला जायचं होतं खरं, पण माहेरच्या जिल्ह्यात येऊन आधी हिवरखेडला गेले नसते तर वहिनीने मला जन्मभर ऐकवलं असतं. म्हणून अकोटची एसटी धरली. पूर्णा ओलांडली की खारपाणपट्ट्याचा मुलूख. विहिरीचं पाणी मचूळ, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. जमीन मात्र काळीभोर. कापूस केव्हाच निघून गेलेला, पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून बांधावर रचलेल्या आणि नांगरलेली ढेकळं उन्हात तापत पडलेली. उत्तरेला सातपुड्याची रेघ, इतकी फिकट की नजर काढली तर पुसली जाईल असं वाटावं.

शेजारी बसलेल्या बाईंनी बस सुटायच्या आत चौकशी सुरू केली.

"कोनाच्या घरच्या तुमी?"

मी सांगितलं.

"पुन्याले राह्यता? मंग इकडं काहून, अशा उन्हात?"

"भाचीचं अमरावतीला एक मोजमाप आहे. परीक्षेसारखंच समजा."

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "भाचीच्या परीक्षेले पुन्याहून आल्या? होते मंग पास." आणि पिशवीतून काकडी काढून अर्धी माझ्या हातात दिली. पुण्याच्या बसमध्ये मला कुणी काकडी दिलेली नाही, आणि मीही कुणाला दिलेली नाही. यावर विचार करायला हवा.

हिवरखेडला वहिनी दारातच उभी. शांतावहिनी माझ्याहून थोडी लहान, आवाजाने मोठी.

"आल्या का पुनेकर? मले वाटलं पत्ता इसरल्या."

"पत्ता नाही विसरले, वहिनी. उन्हाला भीत होते."

"उनाले भेता आन् भावजयीले भेत नाई. उलटं पायजे थे."

जेवायला बसता का, असं तिने विचारलं नाही. या भागात ते विचारत नाहीत. पाट मांडला, पाणी ठेवलं, आणि वाढायला सुरुवात केली: पातोड्यांचा झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकरी, कुरड्या, आणि आमरस वाटीत नव्हे, ताटलीत. मी 'पुरे' म्हटलं की ती 'हाव', म्हणजे 'हो', म्हणायची आणि वाढायची.

जेवण झाल्यावर तिने मला परसात नेलं. ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ती जागा तिथे होती. गोठ्यामागे जमिनीत पुरलेली विटांची गोल टाकी आणि तिच्यावर तरंगणारी लोखंडी टोपी. गोबर गॅस. तुमच्या मामाआजोबांनी, म्हणजे माझ्या भावाने, हौसेने बांधला. तेव्हा गावात पुष्कळांनी बांधले होते. मग सिलिंडर आले, गुरं कमी झाली, आणि टाक्या एकेक करून मातीने बुजल्या. भाऊ गेल्यावर वहिनीने आपली मात्र चालू ठेवली. तिच्याकडे आता एकच गाय आहे. शेजारच्या गोठ्यातलं शेण ती मागून आणते.

कडेच्या हौदातून सडक्या अंड्यासारखा वास येत होता. तुम्ही दोघं नाक धरून पळाला असता. मी वाकून नीट वास घेतला. पाण्यातल्या क्षारांवर जगणारे आणि हायड्रोजन खाणारे जिवाणू असा वास सोडतात. वैशालीने तिचे जिवाणू या टाकीतूनच नेले होते. मग ते प्रयोगशाळेत हवा न लागणाऱ्या बाटल्यांत वाढवले आणि त्यांच्यातून ते एन्झाइम वेगळं केलं. या कामात तिची काही वर्षं गेली, कारण त्याला हवा लागली की ते निकामी होतं.

"माह्या शेनातून पोरीनं पदवी काहाडली, असं म्हनते गाव," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

"अजून निघायची आहे."

"म्हनून तं म्या बी येतो तुमच्यासंगं." इकडे बायकाही 'मी येतो' म्हणतात, दचकू नका. "टाकी माही, आन् पाहाचं फक्त तुमी? सारे मांगं लागले हायेत, बुजवा म्हनते टाकी, जागा होते गाडी ठेवाले. म्या सांगतलं, वैशूचं होऊ द्या. तिचं काई निंगालं तं राह्यन टाकी. नाई निंगालं तं टाकतो बुजवून."

हे ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं की परीक्षेला दोघी बसल्या आहेत.

अकोला, आणि एका जीपमधली बरणी

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीचा फोन आला. शीतपात्राला आणि यंत्राच्या प्रकाश टिपणाऱ्या भागाला द्रवरूप नायट्रोजन लागतो. तो इतका थंड असतो की त्यात बुडवलेलं फूल काचेसारखं फुटतं. पुरवठादाराची गाडी सोमवारशिवाय येणार नव्हती.

"सोमवारी मी काय त्याचं लोणचं घालू?" ती म्हणाली.

यावर उपाय तिच्या घरातच होता. गायींसाठी लागणारं वळूंचं बीज बारीक नळ्यांत भरून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, आणि अकोला जिल्ह्यात ते गावोगाव पोचवणाऱ्यांपैकी सुधाकर एक. त्याने साहेबांची रीतसर परवानगी काढली आणि एक रिकामी बरणी नुसत्या नायट्रोजनने भरून घेतली. बरणी म्हणजे अॅल्युमिनियमची, कमरेएवढी, अरुंद तोंडाची. हुबेहूब दुधाची कॅन वाटावी अशी.

आम्ही अकोल्याहून जीपने निघालो. पुढे सुधाकर आणि त्याच्या शेजारी वहिनी, मागे मी आणि बरणी. ती उभीच राहिली पाहिजे म्हणून मी दोन्ही गुडघ्यांत धरली होती. झाकण सैल ठेवायचं असतं, कारण आतून सतत वायू निघत राहतो आणि कोंडला तर बरणी फुटेल. आणि तो वायू गाडीत साठू नये म्हणून सगळ्या काचा उघड्या. बाहेरून तव्यासारखा वारा आणि गुडघ्यांमध्ये हिमालय. असा प्रवास मी पूर्वी केला नव्हता.

"पुऱ्या जिल्ह्याचे वळू याच बरण्यांत बसून फिरते, आत्याबाई," सुधाकर म्हणाला. "आज पयल्यांदा एक प्राध्यापिका तिच्याजोळ बसून हाय."

"गाडी बघून चालवा जावई," वहिनी म्हणाली. "वळू काई बोलले नाई, तुमीच बोलून राहिले."

मूर्तिजापूरला चहाला थांबलो. टपरीवरच्या बाईंनी जीपमध्ये डोकावून पाहिलं आणि एक पातेलं घेऊन आल्या.

"दूध हाय का भाऊ? माह्यं नासलं उनानं. द्या लिटरभर."

सुधाकरने झाकण उचललं. पांढरा धूर बरणीच्या तोंडातून उतू गेला आणि माझ्या पायांवरून खाली जमिनीवर पसरला. बाई पातेल्यासकट मागे सरकल्या.

"कोनत्या म्हशीचं हाय हे?" त्यांनी विचारलं.

टपरीवरची सगळी हसली आणि चहा बिनदुधाचा मिळाला.

अमरावती

प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर. खोली लहान, मधोमध यंत्र, खिडक्या बंद, वर एसी. वैशाली दारात भेटली. डोळ्यांखाली काळं, पण केस चापूनचोपून बांधलेले. ती कामाला लागली की केस असे बांधते, शाळेत असल्यापासून.

मोजायची रीत अशी. गोठलेल्या नमुन्याचा एक आलेख अंधारात घ्यायचा. मग त्याच्यावर उजेड पाडायचा. उजेडाने मधला हायड्रोजन आपली जागा सोडतो. मग दुसरा आलेख घ्यायचा आणि पहिल्यातून वजा करायचा. जे दोन्हीत सारखं ते कटून जातं. फक्त जे हललं ते उरतं. हिशेबाच्या वहीला शोभेल अशी ही पद्धत मला फार आवडते.

काम सुरू करण्याआधी मी साध्या पाण्यातल्या आलेखाची प्रत मागितली, जड भावाचं टेकाड गणिताने कुठे यायला हवं ते काढलं आणि तिथे पेन्सिलीने एक उभी रेघ मारली. उत्तर आधी लिहून ठेवलं की नंतर मनासारखं वाचता येत नाही. मी विद्यार्थ्यांनाही हेच सांगत असे.

अंधारातला आलेख छान आला. वैशाली नायट्रोजन ओतायला बाजूच्या खोलीत गेली, आणि तेवढ्यात विजेचा दाब उतरला. यंत्राला बॅटरीचा आधार होता, ते चालू राहिलं. एसी मात्र बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना. बंद खिडक्यांची खोली भराभर तापली. माझ्या कपाळावरून घाम चष्म्यावर आला.

वहिनीने ते पाहिलं. वऱ्हाडात उन्हाळ्यात पाहुणा आला की घरातला कूलर पाहुण्याकडे वळवायचा, ही तिथली रीत. घरची माणसं घामाने भिजली तरी चालतील. आणि मी तर नणंद. ती बाहेर गेली, व्हरांड्यातला कूलर चाकांवरून खडखडत आत आणला, बादलीभर पाणी ओतलं आणि माझ्याकडे तोंड करून लावला. गवताच्या ओल्या ताट्यांतून गार, दमट वारा अंगावर आला. मी डोळे मिटले आणि म्हणाले, "वहिनी, पुण्य लागेल तुम्हाला."

वैशाली आली ती घाईत. हातात नायट्रोजनचं भांडं, नजर घड्याळावर. तिने उजेड पाडला, दुसरा आलेख घेतला, वजाबाकी केली. मग ती पडद्यावर वाकली.

मी उठून पडद्याकडे गेले. टेकाड नव्हतं. जिथे ते असायला हवं त्या सगळ्या पट्ट्यात बारीक बारीक रेषांचं गवत उगवलं होतं, पाऊस पडून गेल्यावर बांधावर उगवतं तसं.

"पाण्याची वाफ," वैशाली म्हणाली. "पहिल्यात नव्हती, दुसऱ्यात आहे. पण आली कुठून?"

तेव्हा कुठे तिने मागे वळून पाहिलं. कूलर घोंघावत होता. वहिनी पदराने वारा घेत उभी होती.

हवेतल्या पाण्याच्या वाफेचे स्वतःचे बंध असतात, आणि त्यांच्या रेषा नेमक्या हायड्राइडच्या शेजारपट्टीत येतात. हा धडा मी शिकवलेला आहे. पण अंगाला गार वाटलं की माणूस शिकवलेलं विसरतो.

"आई, कूलर कोणी लावला?"

"म्या लावला. अक्काले गरमी होऊन राहिली होती." अक्का म्हणजे मी. मग मुलीचा चेहरा पाहून ती हळू म्हणाली, "काहून? काय झालं वैशू?"

वैशालीने सांगितलं. रागावली नाही. वहिनीने स्वतःच कूलर बंद केला आणि ओढत व्हरांड्यात नेला.

नमुना वाया गेला नव्हता. अंधारात त्याला किंचित ऊब दिली की हायड्रोजन, इथे त्याचा जड भाऊ, पुन्हा जागेवर येतो. पण बरणीत नायट्रोजन उरला होता तो आणखी एकाच दिवसाला पुरेल इतका. एसी दुरुस्त करणारा माणूस सोमवारी येणार होता. सगळं जग सोमवारी येणार होतं.

संध्याकाळी वैशालीने आम्हाला गिलावडा खायला नेलं. दह्यात बुडवलेला वडा आणि त्यावर डोळ्यांतून पाणी काढणारी चटणी. "डोळ्यांत पाणी आलं तर चटणीचं समजा," ती म्हणाली. दोन घास खाऊन चमचा खाली ठेवला आणि गाडीवर बसलेल्या धुळीकडे, अंगातला घाम निघाल्या निघाल्या उडवून नेणाऱ्या त्या वाऱ्याकडे बघत राहिली.

"आत्या, पुण्यात प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद का ठेवतात?"

"बाहेरचा दमटपणा आत येऊ नये म्हणून."

"इथे बाहेर कुठे दमटपणा आहे?"

मी तिच्याकडे पाहिलं. कुरड्या सकाळी घातल्या की दुपारी खडखडीत वाळतात असा हा देश. आम्ही पुस्तकातल्या नियमाने खिडक्या लावून बसलो होतो आणि भारतातली सर्वांत कोरडी हवा बाहेर फुकट वाहत होती.

अमरावती, रविवारची दुपार

माणसं दुपारी बाहेर पडत नाहीत, म्हणून वैशालीने मुद्दाम दुपारच निवडली. कूलर खाली नेला. खिडक्या सताड उघडल्या. धूळ येऊ नये म्हणून वहिनीने पिशवीतलं आपलं सुती नऊवारी लुगडं काढून दिलं आणि ते दुहेरी करून खिडक्यांवर ताणून बांधलं. वैशालीने नमुन्याशिवाय, रिकाम्या यंत्राचे आलेख घेऊन पाहिले. पहिल्यात गवत होतं. पुढच्यात विरळ. त्याच्या पुढच्यात खुरटलेलं. ऊन चढत होतं आणि गवत वाळत होतं.

मग तिने आम्हाला बाहेर काढलं.

"श्वासातही वाफ असते. तुम्ही दोघी मिळून एक छोटा कूलर आहात."

आम्ही व्हरांड्यात बसलो. वहिनीने खुर्ची बरोबर दारासमोर लावली. थोड्या वेळाने तिथला शिपाई बादली आणि तांब्या घेऊन आला. खिडकीवर कापड बांधलेलं दिसलं की इथे कुणीही त्याच्यावर पाणीच मारेल. उन्हाळ्यात पडदे भिजवून घर गार ठेवायची सवय. बाहेरून साडी दिसली आणि बिचारा मदतीला आला.

"खबरदार," वहिनी खुर्चीतून उठली. "पान्याचा येक थेंब टाकशीन तं."

"अवो काकू, आतमंदी मॅडम भाजून राहिल्या असतीन."

"भाजू दे. माही पोरगी हाय. तिले म्या भाजू देऊन राहिलो."

तो बादली घेऊन परत गेला. वहिनी बसली. मी तिच्या हातावर हात ठेवला. आम्ही नणंद-भावजय काही हात धरून बसणाऱ्या नव्हतो. त्या दिवशी बसलो.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. वैशालीचा चेहरा लालबुंद, कपाळाला केस चिकटलेले.

"आत्या, एकटी ये. आणि श्वास हळू घे."

मी जवळजवळ श्वास धरूनच आत गेले. पडद्यावर दोन आलेख एकाखाली एक लावलेले होते. वर साध्या पाण्यातला, खाली आजचा. जुन्या जागेवर टेकाड नव्हतं. तिथे सपाट होतं. मी पेन्सिलीच्या रेघेची प्रत काढून शेजारी धरली. टेकाड रेघेला लागून उभं होतं.

"थोडं जास्त वेगाच्या बाजूला आहे, आत्या," ती म्हणाली. "तुझ्या रेघेवर नाही."

"असायलाच हवं. वजन फक्त हायड्रोजनचं वाढलं, तेवढंच मी गणितात धरलं. निकेल आणि लोखंड होते तेवढेच राहिले, आणि तेही जरासे हलतात. अगदी रेघेवर पडलं असतं तर मला संशय आला असता." मी शेजारची उंच टेकाडं पाहिली. ती कार्बन मोनॉक्साइडची, लोखंडाला धरून बसलेली; उजेडाने त्यांच्यातही फरक पडतो, म्हणून वजाबाकीत ती उरतात. ती दोन्ही आलेखांत एकाच जागी होती. सरकायला हवं होतं तेच सरकलं होतं. "पुन्हा घे."

तिने नमुन्याला ऊब देऊन जड भावाला जागेवर आणलं, पुन्हा गोठवलं आणि पुन्हा घेतलं. बरणीतला शेवटचा नायट्रोजन त्यात गेला. टेकाड पुन्हा तिथेच आलं.

"आता सांग," वैशाली म्हणाली.

"हायड्राइड आहे. लिही."

ती माझ्या गळ्यात पडली. आम्ही दोघी त्या भट्टीत घामाघूम उभ्या होतो आणि मी इतकी आनंदात होते, की आता श्वास कितीही घेतला तरी चालेल हे आठवून मला हसू आलं. मी चाळीसएक वर्षं मुलांना दुसऱ्यांनी काढलेले आलेख फळ्यावर काढून दाखवले. हा आमच्या घरचा होता. भावाने बांधलेल्या टाकीतला जीव, त्याच्या मुलीने तो पाहिला, आणि ज्या उन्हाला नावं ठेवत सगळा देश आमच्याकडे यायचं टाळतो, त्याच उन्हाने तो दाखवला.

वहिनी दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. आत पाऊल टाकायची तिची हिंमत होत नव्हती.

"निंगालं?" तिने विचारलं.

"निंगालं, आई."

तिने पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "मंग आता कूलर लावू का?"

परत

सोमवारी शीतपात्र भुशात बांधून परत गेलं. एसी दुरुस्त करणारा आला, आणि खिडकीवरचं नऊवारी बाजूला सारून कामाला लागला. मार्गदर्शकांनी आलेख दोनदा पाहिला, पेन्सिलीची रेघ कुणाची म्हणून चौकशी केली आणि तो शब्द प्रकरणात राहू दिला. प्रबंधाच्या आभारात वैशालीने सुधाकरचं नाव घातलं आहे, माझं घातलं आहे, आणि 'आई, उघड्या खिडक्यांसाठी' असं लिहिलं आहे. मी म्हटलं, परीक्षकांना काय कळणार? ती म्हणाली, त्यांना कळायची गरज नाही.

निघायच्या आधी मी पुन्हा हिवरखेडला एक दिवस राहिले. गाडी ठेवायला जागा हवी म्हणणारे वहिनीचे पुतणे भेटायला आले, तेव्हा वहिनीने त्यांना परसात नेलं, टाकी दाखवली आणि आत काय आहे ते समजावून सांगितलं. निकेल, लोखंड, मधे हायड्रोजन. थोडं चुकलं, पण मी दुरुस्त केलं नाही.

गावातल्या बाकी टाक्या बुजल्या. ही चालू आहे, आणि सकाळचा चहा अजून तिच्यावरच होतो.